सालोमेयाचं घर दोनदा चाललं

सालोमेयाला एकवीस वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात तिचा थोरला भाऊ आडाम तिला घोडागाडीत बसवून जमीन कचेरीत घेऊन गेला. वाटभर तो तिला पढवत होता.

"साहेबाने विचारलं, लग्न झालंय का, तर नाही म्हणायचं. शेती करणार का, तर हो म्हणायचं. बाकी तोंड उघडायचं नाही."

"आणि नाव विचारलं तर?"

"तेवढं सांग."

आडामचा हिशोब सरळ होता. त्याच्या शेताला लागून एकशेसाठ एकर सरकारी माळ मोकळा पडला होता. त्याला स्वतःला एकदा जमीन मिळून गेली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. पण एकवीस पुरी झालेल्या बिनलग्नाच्या बाईला कायद्याने जमीन मागता येत होती. पाच वर्षं तिथे घर करून राहायचं, नांगरायचं, पेरायचं, की जमीन तिच्या नावावर. नाव बहिणीचं, नांगर आपला, आणि पुढे ती लग्न होऊन गेली की जमीनही आपलीच, असं आडामने मनात बांधून ठेवलं होतं.

साहेबाने विचारलं, "शेती करणार का?" सालोमेया "हो" म्हणाली. ते ती अशा ठामपणे म्हणाली, की आडामने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

परत येताना तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली आणि घागरा वर खोचून आपल्या जमिनीच्या चारी कोपऱ्यांवर चालून आली. एप्रिलचे दिवस होते, सुकल्या गवतातून जांभळी रानफुलं नुकती वर येत होती. आडाम गाडीत बसून सूर्यफुलाच्या बिया चघळत राहिला. बहीण परत आली तेव्हा चाकाजवळ टरफलांचा ढीग झाला होता. काळ्या समुद्राकाठच्या जर्मन वस्तीत ही मुलगी जन्मली, तीन बहिणींच्या मध्ये निजली. मग जहाजात, मग समुद्रापलीकडच्या या नव्या देशात भावाच्या घरी त्याच्या पोरींबरोबर. अख्खी खाटसुद्धा तिला कधी एकटीला मिळाली नव्हती. आता एकदम एकशेसाठ एकर.

"दादा, नांगर मी धरणार," ती गाडीत चढत म्हणाली.

"धर की. दोन दिवसांत सोडशील."

तिने सोडला नाही. त्या माळाची मुळं शेकडो वर्षं एकमेकांत विणलेली; नांगराचा फाळ आत गेला की कापड फाटावं तसा आवाज यायचा. पहिल्या उन्हाळ्यात बारा एकर उलटली आणि त्यात जवस पेरलं. जवसाला निळी फुलं आली तेव्हा भावजय करोलिना बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फुलं छान आहेत. पण एकटी बाई अशा उजाड माळावर राहणार? लांडगे खातील तुला."

"त्यांना सांगेन, आधी दादाकडे जा म्हणून. तिथे मांस जास्त आहे."

करोलिना इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. आडामचं पोट हा त्या घरातला जुना विषय होता.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून तिला दोन खोल्यांचं लाकडी घर उभं करून दिलं. खरं तर आमच्या लोकांची रीत मातीच्या विटांची. पण विटा पाडायला आणि वाळवायला अख्खा उन्हाळा जातो, आणि सालोमेयाचा उन्हाळा जवसात गेला होता. घराला एक दार, तीन खिडक्या आणि एक लोखंडी चूल. आणि घराच्या मागे विहीर. अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. म्हाताऱ्या विहीर खोदणाऱ्याने ओंजळभर पिऊन पाहिलं, आणि टोपी काढली. त्या पट्ट्यात बहुतेक विहिरी खारट नाही तर कडू. हिचं पाणी गोड निघालं.

त्या पाण्यापायी पुढच्या शरद ऋतूत लुडविग हॉइपेल तिच्या दारात उभा राहिला.

पश्चिमेकडच्या एकशेसाठ एकरांवर तो नुकताच आला होता. उंच, खांदे जरा पुढे वाकलेले, बोलण्याआधी घसा साफ करण्याची सवय. बैलगाडीत रिकामं पिंप.

"तीन विहिरी खणल्या बाई," तो म्हणाला. "पहिलीचं पाणी कडू. दुसरीचं त्याहून कडू. तिसरीचं बैलाने हुंगलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली."

सालोमेयाने हसू दाबलं. "पाणी न्या. पण फुकट नाही. तुमच्याकडे चार बैल आहेत, माझ्याकडे एक गाय. गोवऱ्यांना शेण पुरत नाही. माळावर झाड नाही, आणि हिवाळा तोंडावर आलाय."

"म्हणजे?"

"पिंपभर पाण्याला चार पाट्या शेण."

लुडविगने घसा साफ केला. "ओलं की सुकं?"

"ओलं. गोवऱ्या मी थापीन. तुमच्या हातच्या कशा असतील कोण जाणे."

तेव्हापासून तो दर दिवसाआड यायचा. पिंप रिकामं, पाट्या भरलेल्या, जाताना उलट. विहिरीवर रहाट तो फिरवायचा, ती बादली ओतायची. बोलणं पावसाचं, बैलांचं, गहू की जवस याचं. पण पिंप भरायला जिथे आधी अर्धा तास लागत होता, तिथे आता दीड तास लागू लागला.

हे कातरिना मावशीच्या नजरेतून सुटणार नव्हतं. कातरिना मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. पण त्या माळावरची निम्मी लग्नं तिने जुळवली होती आणि उरलेली निम्मी तिला विचारून झाली होती. रविवारी प्रार्थनेनंतर तिने बायकांच्या घोळक्यातच सालोमेयाला गाठलं.

"काय गं, हॉइपेल काय घेऊन येतो म्हणे तुझ्याकडे?"

"शेण, मावशी."

"बाई बाई! आमच्या वेळी निदान फुलं तरी आणायचे."

"फुलांनी चूल पेटत नाही मावशी."

"ते खरं. फुलं आणणारा माझा नवरा आयुष्यात एकदा लाकूड फोडायला उठला नाही."

लुडविगने विचारलं ते दुसऱ्या वर्षी, कलिंगडांच्या दिवसांत. दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून एकच कलिंगड खात होते. त्याने तीनदा घसा साफ केला. सालोमेया म्हणाली, "बी अडकली का?"

"नाही. लग्न कराल का माझ्याशी?"

तिने कलिंगडाची फोड खाली ठेवली. उत्तर तिच्याजवळ केव्हाचं तयार होतं, पण त्याला एक शेपूट होतं. "करीन. पण आत्ता नाही."

कायद्याचा पेच असा होता: दोघांची दोन घरं, म्हणून दोघांच्या दोन जमिनी. लग्न झालं की नवरा-बायकोचं घर एक. आणि सरकार म्हणणार, एका घराला एकच जमीन. म्हणजे कुणातरी एकाने सोडायची. आणि कुणी सोडायची, हे त्या माळावर कुणाला विचारायची गरज नव्हती.

"माझी पाच वर्षं पुरी व्हायला अजून तीन आहेत," ती म्हणाली. "जमिनीचा कागद माझ्या हातात येऊ दे. मग दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांना बोलवा."

लुडविगने कलिंगडाच्या सालीवरची एक बी नखाने उडवली. "तीन वर्षं."

"फार वाटतात?"

"वाटतात तर. पण जी बाई नांगरलेली जमीन अशी सहज सोडून देईल, तिचा काय भरवसा? उद्या मलाही सोडेल." मग त्याने उरलेली फोड उचलली. "तीन तर तीन."

आडामला हे कळलं तेव्हा तो तडक आला. त्याने घर बांधताना ठोकलेल्या खिळ्यांचा हिशोब काढला, नांगराचा काढला, शेवटी म्हणाला, "अगं वेडे, जमीन मला दे आणि नवरा घे. जमीन कुठे पळून जाते?"

"नवराही कुठे पळत नाही दादा. रोज पाणी लागतं त्याला."

आडाम दोन महिने बोलला नाही. तिसऱ्या महिन्यात करोलिना बाळंत होणार होती, आणि घरात सालोमेयाशिवाय पान हलत नव्हतं. तेव्हा त्यालाच यावं लागलं. टोपी हातात धरून दारात उभा राहिला. "करोलिना बोलावतेय," एवढंच म्हणाला. सालोमेया चूल विझवून त्याच पावली निघाली. जानेवारीत ती अकरा दिवस भावाच्या घरी राहिली; बाळाला आंघोळ, मोठ्या पोरींना शेवया, आडामला टोमणे. बाराव्या दिवशी आपल्या घरी परतली, तर दारातला बर्फ कुणीतरी साफ करून ठेवला होता.

हे अकरा दिवस पुढे तिच्या मानगुटीवर बसले.

एकोणीसशे आठच्या वसंतात पाच वर्षं पुरी झाली. सालोमेयाने कागदासाठी अर्ज केला, वर्तमानपत्रात जाहिरात छापून आली, साक्षीदारांची नावं आली. आणि एका माणसाने हरकत घेतली. स्टेशनाजवळ राहणारा, शेतीचा गंध नसलेला माणूस. पण गोड पाण्याची विहीर असलेली जमीन त्याच्या डोळ्यांत भरली होती. त्याचं म्हणणं, ही बाई हिवाळे भावाच्या घरी काढते. तिथे राहतच नाही.

सुनावणीच्या दिवशी सालोमेयाने रविवारचा काळा पोशाख घातला. कचेरीत साहेब इंग्रजी बोलणारा, आपली माणसं जर्मन बोलणारी. मधे दुभाषा म्हणून गावातल्या शाळेचा मास्तर, फिकट मिशांचा तरुण माणूस. आडामने साक्ष दिली. पण तो भाऊच, त्याच्या शब्दाला किती वजन? मग लुडविगला उभं केलं.

"ही बाई हिवाळ्यात तिच्या घरी राहत होती, हे तुम्हाला कसं ठाऊक?" साहेबाने विचारलं.

लुडविगने घसा साफ केला. "धूर, साहेब."

"धूर?"

"माझ्या दारातून तिचं धुराडं दिसतं. रोज सकाळी उठलो की आधी बाहेर येऊन बघायचं, धूर निघाला का. मग माझी चूल पेटवायची."

"रोज?"

"रविवारीसुद्धा."

"चार वर्षं?"

"साडेतीन. त्याआधी मी इथे नव्हतो."

हरकत घेणारा उठून उभा राहिला. "आणि एक दिवस तरी धूर नव्हता, असं झालं नाही?"

"झालं ना," लुडविग म्हणाला. "दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत. अकरा दिवस."

आडामने कपाळावर हात मारला. त्याचा आवाज सगळ्या कचेरीत ऐकू गेला. इतकं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं या बैलाला?

"अकराच कशावरून?" साहेबाने विचारलं.

"मोजले मी. तिची भावजय बाळंत झाली, तिकडे गेली होती. मी तिच्या गाईला वैरण घालायला जायचो. दार बंद, चूल गार. एक, दोन, तीन, असे अकरा मोजले. बाराव्या दिवशी धूर दिसला."

"मोजले कशासाठी?"

लुडविगने पायांकडे पाहिलं, मग एकदम सालोमेयाकडे वळून सरळ तिलाच म्हणाला, "तुझा धूर दिसला नाही तर दिवस सुरूच होत नाही माझा. मी काय करू?"

साडेतीन वर्षांत तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता, आणि तेही सरकारी कचेरीत. मास्तर कानापर्यंत लाल झाला. साहेबाने विचारलं, काय म्हणाला तो? मास्तर इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. साहेबाने पुन्हा विचारलं. मास्तरने या वेळी मोठ्याने सांगितलं. कचेरीतला कारकून लिहायचा थांबला.

साहेबाने चष्मा काढून पुसला. भावजयीच्या बाळंतपणाला अकरा दिवस जाण्याने कुणाची जमीन जात नाही, तो म्हणाला. आणि जो साक्षीदार अकरा दिवस लपवत नाही, त्याचे बाकीचे दिवस मी खरे धरतो. मग हरकत घेणाऱ्याकडे वळून विचारलं, तुम्ही किती दिवस मोजलेत? त्या माणसाने टोपी उचलली आणि तो चालता झाला.

बाहेर पडल्यावर सालोमेया लुडविगला म्हणाली, "अकरा दिवसांचं सांगायची काय गरज होती? माझा जीव गेला असता."

"त्याने विचारलं."

"कुणी विचारेल ते सगळं सांगणार का तू?"

"तू विचारलंस तर तुलाही सांगेन," लुडविग म्हणाला, आणि ती चालता चालता थांबली, कारण 'तू' हा शब्द तिच्याही तोंडून निसटला होता, हे तिला तेव्हा कळलं.

लग्न सप्टेंबरात झालं, मळणी संपल्यावर. तीन दिवस चाललं. जळक्या साखरेची लाल दारू, सायीचे गोड पाव, वाफाळत्या सारात पिठाचे गोळे, आणि दोन अकॉर्डियनवाले; एक थकला की दुसरा. नवरीशी नाचायला रांग लागली होती. आडाम बहिणीबरोबर इतका नाचला की त्याचा पट्टा तुटला. पाद्रीबाबांनी उपदेशात संयमाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली, तेव्हा मागून कातरिना मावशी म्हणाली, "हे या दोघांना नका सांगू, दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

पण लग्नाने एक नवा पेच आणला. सालोमेयाचा कागद झाला होता. लुडविगला अजून एक वर्ष बाकी होतं. म्हणजे वर्षभर दोघांना त्याच्याच जमिनीवर राहायला हवं. आणि लुडविगचं घर म्हणजे अर्धं जमिनीत पुरलेलं, मातीचं. सालोमेयाने आत डोकावून पाहिलं. छपरातून एक बेडूक तिच्या खांद्यावर पडला.

"मी इथे राहणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "माझं घर इकडे आणा."

"घर? अख्खं?"

"लाकडाचंच आहे. गाडीला जुंपा."

म्हणतात, घर पाहावं बांधून. आमच्या माळाने ते चालवून पाहिलं. ऑक्टोबरच्या एका कोरड्या सकाळी चौदा पुरुष आले, सोळा घोडे आले. घराखाली दोन लांब तुळया सरकवल्या, तुळयांना चाकं लावली, साखळदंड बांधले. सगळी तयारी झाली तेव्हा लुडविगने हाक मारली, "सालोमेया, बाहेर ये."

"कशाला? पाव फुगत ठेवलाय."

"अगं, घर चालणार आहे!"

"चालू दे की. मी मधे येत नाही."

आडामने खिडकीतून डोकं आत घातलं. "चूल पेटलेली आहे! जाळून घेशील!"

"चौदा माणसांना दुपारी जेवायला काय घालू दादा? तुझं डोकं?"

शेवटी घोडे चालले. घर कुरकुरलं, कलंडल्यासारखं झालं, आणि सावकाश निघालं. आत सालोमेया एका हाताने पातेल्याचं झाकण दाबून धरत होती, दुसऱ्याने फळीवरच्या कपबशा. खिडकीतून तिने आयुष्यात पहिल्यांदा आपली विहीर मागे मागे जाताना पाहिली. ती मोठ्याने गायला लागली. बाहेर घोडे हाकणारे पुरुषही त्याच चालीत ओरडू लागले. पाद्रीबाबा टांग्यातून दुसऱ्या गावी चालले होते. माळावरून धूर सोडत, गाणं म्हणत चाललेलं घर बघून त्यांनी टांगा थांबवला, टोपी काढली आणि घर पुढे जाईपर्यंत काढूनच ठेवली.

अर्ध्या वाटेवर एक साखळदंड तुटला. नवा आणायला दोघं गेले, बाकीचे जेवायला बसले. दोन्ही जमिनींच्या बरोबर हद्दीवर, उघड्या माळाच्या मधोमध, चौदा माणसं घरात आणि पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून गरम सार ओरपत होती. एकजण म्हणाला, "आता आपण कुणाच्या जमिनीवर जेवतोय?" लुडविग म्हणाला, "पातेलं तिच्या जमिनीवर आहे, आपण माझ्या." सालोमेया म्हणाली, "म्हणूनच मागून खा."

ते वर्ष मजेचं गेलं, फक्त पाणी लांब पडलं. आता पिंप घेऊन विहिरीवर जायची पाळी दोघांची. जाताना लुडविग बैलांशेजारून चालायचा आणि सालोमेया पिंपावर बसून त्याला शेजाऱ्यांच्या बातम्या सांगायची. उन्हाळ्याच्या शेवटी मुलगी झाली. तिचं नाव फ्रीडा ठेवलं. करोलिना बारा दिवस येऊन राहिली. "तुझ्यापेक्षा एक जास्त," ती म्हणाली.

एकोणीसशे नऊच्या शरदात लुडविगचाही कागद झाला. तो कागद घेऊन घरी आला त्या संध्याकाळी सालोमेया फ्रीडाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने कागद वाचला, घडी घातली, आणि म्हणाली, "झालं? आता घर परत विहिरीपाशी न्या."

"मला वाटलंच होतं," लुडविग म्हणाला. "येतानाच घोड्यांचं बोलून आलोय."

या वेळी चौदाच्या जागी तीसेक माणसं आली. निम्मी मदतीला, निम्मी बघायला. कातरिना मावशी म्हणाली, मी म्हातारी आहे, मला एकदा चालत्या घरात बसायचंय; तिला चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं. फ्रीडाचा पाळणा छताच्या तुळईला टांगला होता. घर हलत होतं, त्यामुळे तिला झोका द्यावाच लागला नाही. ती सगळी वाट झोपली. मावशी मात्र सारखी ओरडत होती, "हळू रे मेल्यांनो! नाही, नाही, जोरात!"

लाल दारू या वेळी जरा लवकर उघडली गेली. त्यामुळे घर विहिरीपाशी पोहोचलं खरं, पण दगडांवर बसवलं तेव्हा तोंड फिरलं होतं. आधी दार दक्षिणेला होतं, आता पश्चिमेला आलं. तुळया काढून झाल्यावर आडामच्या ते लक्षात आलं. सगळे डोकं खाजवत उभे राहिले.

"पुन्हा जुंपायचे घोडे?" लुडविगने बायकोला विचारलं. चेहऱ्यावर घाम, हातात दोर.

सालोमेया पोरीला कडेवर घेऊन दारात आली. समोर तिची शेतं, त्यापलीकडे त्याची, मधे बांध नाही. कापून झालेल्या गव्हाच्या खुंटांवर उतरतं ऊन पसरलं होतं. दारातून तिने हे कधी पाहिलं नव्हतं. तिथे आधी भिंत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "पण वारा अडवायला एक पडवी बांधून द्या. आज नको. आज जेवा."

पडवी पुढच्या वसंतात झाली. त्या घरात आणखी पाच मुलं झाली, दोन खोल्यांच्या सहा झाल्या, आडामशी बांधावरून दोनदा भांडण झालं आणि दोनदा मिटलं. वाईट वर्षंही आली. धुळीची आली, टोळांची आली. पण तीनशेवीस एकरांचे दोन कागद शेवटपर्यंत दोन नावांवर राहिले. मुलं मोठी झाल्यावर कुणीतरी म्हणालं, आता सगळं बाबांच्या नावावर करून टाकावं, सोपं जाईल. लुडविग तेव्हा सत्तरीला आला होता. त्याने घसा साफ केला. "सोपं तुम्हाला जाईल," तो म्हणाला. "मी तीन वर्षं थांबलोय त्या कागदासाठी." आणि तो शेंगा सोलायला बायकोशेजारी जाऊन बसला.